ख्रिस्ती ऐक्य म्हणजे काय? नागपुरात एक झालेल्या सहा चर्चसंस्थांची गोष्ट आणि अजून न सुटलेले प्रश्न

मुंबईच्या फोर्ट भागात सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. १७१८ मध्ये सुरू झालेलं हे चर्च इंग्रजांचं, अँग्लिकन पद्धतीचं. याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजाला ‘चर्चगेट’ म्हणत, आणि पुढे तेच नाव रेल्वे स्टेशनला मिळालं. तिथून थोडं चालत गेलं की काळा घोडा परिसरात सेंट अँड्र्यूज चर्च लागतं. हे स्कॉटलंडहून आलेल्या लोकांचं, प्रेस्बिटेरियन पद्धतीचं. एकाचा कारभार बिशप चालवत, तर दुसऱ्याला बिशप ही कल्पनाच मान्य नव्हती. आज मात्र ही दोन्ही चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजेच सीएनआय या एकाच संस्थेत आहेत.

हे घडलं २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात. त्या दिवशी ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था आपापली जुनी ओळख बाजूला ठेवून एक झाल्या. ख्रिस्ती ऐक्याच्या जागतिक इतिहासात या घटनेचा आवर्जून उल्लेख होतो. बिशप कोण, बाप्तिस्मा कधी यांसारख्या प्रश्नांवर तोडगा काढणाऱ्या या चर्चला जात, मालमत्ता आणि सत्ता यांवरून पडलेल्या भेगा मात्र अजून बुजवता आलेल्या नाहीत. असं का झालं, हे समजून घेऊ.

चर्च इतकी वेगवेगळी का?

ख्रिस्ती धर्मात तीन मोठे प्रवाह आहेत. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यातली फूट उघड झाली आणि कॅथलिक व ऑर्थोडॉक्स हे प्रवाह वेगळे झाले. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन लूथरने सुरू केलेल्या सुधारणेतून प्रोटेस्टंट प्रवाह निघाला. त्याचेही पुढे अनेक फाटे फुटले : अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट वगैरे.

भारतात ख्रिस्ती धर्म युरोपीय लोकांच्या कितीतरी आधीपासून आहे. केरळमधले सीरियन ख्रिस्ती आपली परंपरा सेंट थॉमसपर्यंत नेतात. गोवा आणि वसईत पोर्तुगीजांबरोबर कॅथलिक धर्म आला. १९व्या शतकात प्रोटेस्टंट मिशनरी आले आणि येताना आपापल्या देशातले पंथही घेऊन आले.

महाराष्ट्रात याचं चित्र स्पष्ट दिसतं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं आणि १८३१ पासून अहमदनगरमध्ये (आताचं अहिल्यानगर) काम करू लागलं. ते काँग्रिगेशनल पद्धतीचं होतं. मुंबई-पुण्यात स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन, नागपुरात १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप हे प्रेस्बिटेरियन. कोल्हापूर-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन. वलसाड-डहाणू पट्ट्यात ‘चर्च ऑफ द ब्रदरन’. शिवाय ठिकठिकाणी अँग्लिकन आणि मेथडिस्ट.

एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून अनेक मिशनांनी आपसात प्रदेश वाटून घेतले. त्याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. एखादं कुटुंब प्रेस्बिटेरियन व्हायचं की बॅप्टिस्ट, हे त्याच्या श्रद्धेवर ठरत नव्हतं, तर गावाजवळ कुठल्या मिशनचा बंगला आहे यावर ठरत होतं. स्कॉटलंड किंवा अमेरिकेतल्या ज्या वादांतून हे पंथ जन्मले, त्या वादांशी नगर जिल्ह्यातल्या शेतमजुराचा काडीचाही संबंध नव्हता. तरी त्या वादांचं ओझं त्याच्या वाट्याला आलं.

एकत्र येण्याची मागणी कुणी केली?

ऐक्याची चळवळ परदेशी मिशनऱ्यांनी वरून आणली, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. १९१० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे जागतिक मिशनरी परिषद झाली आणि तिथून जागतिक पातळीवर ऐक्याच्या प्रयत्नांना वेग आला, हे खरं. पण भारतात या मागणीला धार आणली ती भारतीय ख्रिस्ती लोकांनी.

यातलं महत्त्वाचं नाव म्हणजे व्ही. एस. अझरया. एडिंबराच्या परिषदेत त्यांनी मिशनरी आणि भारतीय ख्रिस्ती यांच्यातल्या असमान नात्यावर स्पष्ट शब्दांत बोट ठेवलं होतं. १९१२ मध्ये ते दोर्नाकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. मे १९१९ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडी (ट्रांकेबार) इथे जमलेल्या, बहुतांश भारतीय असलेल्या धर्मसेवकांनी ऐक्याचं आवाहन करणारं निवेदन काढलं. आपल्यातल्या फुटी आपण निर्माण केलेल्या नाहीत, त्या बाहेरून लादल्या गेल्या आहेत, असा त्याचा आशय होता. ते वर्ष जालियनवाला बागेचं होतं. स्वराज्याची भाषा चर्चमध्येही पोहोचली होती.

महाराष्ट्रात ही अस्वस्थता वेगळ्या रूपात दिसली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला, पण त्यांनी स्वतःवर कुठल्याही एका पंथाचा शिक्का मारून घेतला नाही. केडगावचं मुक्ती मिशनही त्यांनी एका पंथापुरतं ठेवलं नाही. कवी नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. १९१७ मध्ये ते मिशनच्या चौकटीतून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या लोकांनाही त्यात जागा होती.

पहिला मोठा टप्पा : १९४७

ऐक्य टप्प्याटप्प्याने झालं. १९०८ मध्ये दक्षिणेत प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन ‘साउथ इंडिया युनायटेड चर्च’ बनलं. उत्तर भागात १९२४ मध्ये असंच ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झालं आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यात आल्या.

खरी कोंडी होती अँग्लिकन चर्चबरोबर. अँग्लिकन मतानुसार बिशपची परंपरा थेट येशूच्या प्रेषितांपासून हस्तांतरित होत आली आहे आणि बिशपने डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिल्याशिवाय कुणी धर्मसेवक होत नाही. मग बिशप नसलेल्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं सेवा केलेले पाळक खरे पाळक नव्हतेच का? हा प्रश्न अपमानाचाही होता.

दक्षिणेत सुमारे २८ वर्षांच्या चर्चेनंतर यावर मार्ग निघाला. एकत्र येतानाचे सगळे पाळक जसे आहेत तसे स्वीकारायचे, पुन्हा दीक्षा द्यायची नाही, मात्र पुढच्या सर्व दीक्षा बिशपच्या हातून होतील. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ म्हणजेच सीएसआय स्थापन झालं. अझरया ते पाहायला नव्हते. १९४५ च्या पहिल्याच दिवशी त्यांचं निधन झालं होतं.

तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. स्वातंत्र्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. पंजाब आणि बंगालमध्ये धर्माच्या नावावर देश फाटत असताना दक्षिणेत चार शतकांपासून वेगळ्या असलेल्या परंपरा एकत्र येत होत्या. बिशप असलेली आणि नसलेली चर्च अशा प्रकारे एक होण्याची ही जगातली पहिलीच मोठी घटना मानली जाते.

नागपुरात काय वेगळं घडलं?

उत्तरेतली चर्चा १९२९ मध्ये सुरू झाली आणि चार दशकं चालली. इथलं काम जास्त अवघड होतं, कारण गाठी तीन होत्या.

पहिली गाठ अर्थातच बिशपची. नागपुरात त्यावर वेगळा तोडगा निघाला. एकत्र येण्याच्या उपासनेत सगळ्या चर्चच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ज्याच्यात जे उणं असेल ते देवाने पूर्ण करावं, असा तिचा भाव. कुणाची आधीची दीक्षा खोटी ठरवली नाही आणि कुणाची पुरेशी आहे असंही म्हटलं नाही. निवाडा जाणीवपूर्वक देवावर सोडला.

दुसरी गाठ बाप्तिस्म्याची. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट लहान बाळांना बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स यांच्या मते माणसाने स्वतः समजून-उमजून विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा व्हायला हवा. दक्षिणेतल्या ऐक्यात बॅप्टिस्ट नव्हते, त्यामुळे तिथे हा प्रश्न आलाच नव्हता. सीएनआयने दोन्ही पद्धती मान्य केल्या. एकाच चर्चमध्ये एक कुटुंब तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करू शकतं, तर दुसरं मूल मोठं होईपर्यंत थांबू शकतं.

तिसरी गाठ कारभाराची. बिशपचा अधिकार, पाळक व वडील मंडळींची सभा आणि प्रत्येक स्थानिक मंडळीचं स्वातंत्र्य या तीन पद्धती एकत्र गुंफायच्या होत्या. त्यातून बिशप हवा, पण त्याने घटनेच्या चौकटीत आणि निवडून आलेल्या परिषदेबरोबर काम करावं, अशी रचना झाली. सर्वोच्च सभा म्हणजे सिनॉड.

एकत्र आलेल्या सहा संस्था अशा : अँग्लिकन चर्च (भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन), युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट मंडळ्या, चर्च ऑफ द ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन परंपरेतले मेथडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट.

सातवी संस्थाही येणार होती. अमेरिकन परंपरेतलं मेथडिस्ट चर्च अनेक वर्षं वाटाघाटीत होतं, पण अगदी शेवटच्या टप्प्यावर ते बाहेर पडलं. पुढे १९८१ मध्ये ते ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वायत्त झालं. म्हणूनच आजही मुंबई-पुण्यात सीएनआयचं चर्च आणि मेथडिस्ट चर्च वेगवेगळी दिसतात.

मग वाद कोर्टात का गेले?

ठराव करून चर्च एक होतं, पण जमिनीचा सातबारा ठरावाने बदलत नाही. ही गोष्ट सीएनआयला महागात पडली.

गुजरातमधल्या ब्रदरन मंडळींपैकी काहींनी नंतर या विलीनीकरणालाच आव्हान दिलं. प्रश्न होता की, जुन्या ब्रदरन संस्थेची चर्च, जमिनी आणि इमारती आता कुणाच्या? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दोनदा पोहोचलं. २००५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, असे प्रश्न मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे जायला हवेत. २०१३ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं. केवळ ठरावाने नोंदणीकृत संस्था विसर्जित होत नाही. त्यासाठी कायद्यातली प्रक्रिया पाळावी लागते. ती पाळली नसल्याने ब्रदरन संस्थेची मालमत्ता आपोआप सीएनआयकडे गेली असं म्हणता येणार नाही, असा या निकालाचा अर्थ होता.

हे फक्त सीएनआयपुरतं नाही. केरळमध्ये ऑर्थोडॉक्स आणि जेकबाइट गटांची श्रद्धा आणि उपासना जवळजवळ सारखीच आहे. तरी चर्चवर ताबा कुणाचा, यावरून त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९३४ ची घटना ग्राह्य धरत ऑर्थोडॉक्स गटाच्या बाजूने निकाल दिला, तरी गावपातळीवरचा तणाव संपला नाही. धर्मशास्त्रात एकमत असलं म्हणजे ऐक्य असतंच असं नाही, हे या वादातून दिसतं.

सर्वात खोल भेग कोणती?

भारतातल्या ख्रिस्ती समाजात सर्वात जुनी आणि खोल भेग पंथाची नाही, जातीची आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती लोक सुमारे २.७८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.३ टक्के आहेत. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे १०.८ लाख आहे. यातला मोठा वर्ग दलित आणि आदिवासी समाजातून आलेला आहे. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजातून आलेले लोक एकाच देवळात येऊ लागले, तरी त्यांच्यातलं अंतर लगेच मिटलं नाही. तमिळनाडूत काही गावांत दलित ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी दफनभूमी आणि चर्चमध्ये बसायला वेगळी जागा, अशा तक्रारी आजवर होत आल्या आहेत. लग्न जमवताना जात पाहण्याची पद्धत अनेक ख्रिस्ती कुटुंबांत आजही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजावर लिहिताना नेमकं यावरच बोट ठेवलं होतं : धर्म बदलला, पण जात मागे राहिली नाही.

यात कायद्याचाही एक पेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाला त्यात सामावून घेतलं गेलं. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलित मात्र बाहेर राहिले. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर आयोग नेमला.

इथे चर्चची अडचण होते. दलित ख्रिस्ती लोकांना आरक्षण मिळावं म्हणून सरकारपुढे उभं राहायचं, तर आपल्यात जातिभेद आहे हे मान्य करावं लागतं. ते मान्य केलं की मग लगेच दुसरा प्रश्न येतो : तो मिटवण्यासाठी तुम्ही काय केलं? भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमधला भेदभाव कबूल केला. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. या पदावर पोहोचलेले ते पहिले दलित. पद मिळायला इतका काळ का लागला, हा प्रश्न मात्र त्या अभिनंदनाबरोबरच विचारला गेला.

कॅथलिक या सगळ्यात कुठे आहेत?

बराच काळ कॅथलिक चर्चची भूमिका अशी होती की, ऐक्य म्हणजे बाकीच्यांनी रोमकडे परत येणं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती बदलली. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्यावरचं फर्मान निघालं. त्यात इतर ख्रिस्ती लोकांना वेगळे झालेले बंधू म्हटलं गेलं आणि फुटीला दोन्ही बाजू जबाबदार असल्याचं मान्य केलं. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत पोप पॉल सहावे मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेससाठी आले होते.

तरी प्रभुभोजनाची मर्यादा कायम आहे. सीएनआयचा सभासद कॅथलिक चर्चमधल्या प्रार्थनेला बसू शकतो, पण मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची परवानगी त्याला सर्वसाधारणपणे नसते. आंतरपंथीय लग्न झालेल्या जोडप्यांना ही गोष्ट दर रविवारी जाणवते. पती-पत्नी एकाच बाकावर बसतात, पण वेदीपाशी एकटाच जातो.

एकत्र प्रार्थनेचा आठवडा

दरवर्षी १८ ते २५ जानेवारीदरम्यान जगभरात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळला जातो. त्याची सुरुवात १९०८ मध्ये अमेरिकेत झाली. या आठवड्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लोक एकमेकांच्या चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करतात. दरवर्षी एका देशातला गट त्यासाठी विषय आणि साहित्य तयार करतो.

२०१३ चं साहित्य भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केलं. त्यांनी संदेष्टा मीखाच्या पुस्तकातला, देव माणसाकडून नेमकं काय मागतो, हा प्रश्न निवडला आणि तो थेट दलितांवरच्या अन्यायाशी जोडला. त्यात नागपुरात मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचा आणि कॅथलिक विद्यार्थी संघटनेचाही सहभाग होता. त्या वर्षी युरोप-अमेरिकेतल्या चर्चमध्येही लोकांनी भारतातल्या जातिभेदाबद्दल प्रार्थना केली. पंथांमधल्या ऐक्याची चर्चा जातीच्या प्रश्नाला वळसा घालून करता येणार नाही, हे त्या तरुणांनी जगासमोर मांडलं.

ऐक्य म्हणजे नेमकं काय?

आज ख्रिस्ती जगात ऐक्याचे साधारण तीन अर्थ घेतले जातात. एक, संस्थांनी विलीन होणं, जसं नागपुरात झालं. दोन, वेगळं राहून एकमेकांचे पाळक आणि प्रभुभोजन मान्य करणं. सीएनआय, सीएसआय आणि मार थोमा चर्च यांनी १९७८ मध्ये संयुक्त परिषद स्थापन करून हा मार्ग धरला. तीन, मतभेद असले तरी सामाजिक प्रश्नांवर एकत्र काम करणं. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमला स्थापन झालेली जागतिक चर्च परिषद बऱ्याच अंशी हेच करते. कॅथलिक चर्च तिचं सभासद नाही, पण तिच्याबरोबर काम करतं.

धर्मावरून ताणलेल्या वातावरणात अल्पसंख्य समाजाला एकत्र येण्याची निकड जास्त वाटते, आणि ती स्वाभाविक आहे. पण केवळ भीतीपोटी आलेली एकजूट भीती ओसरली की सैल पडते. नागपूरचा अनुभव वेगळं सांगतो. तिथे चाळीस वर्षं चर्चा झाली, प्रत्येकाने काहीतरी सोडलं आणि कुणालाही खोटं ठरवलं नाही. ते बिशप आणि बाप्तिस्म्याच्या बाबतीत जमलं. हीच चिकाटी जातीच्या बाबतीत दाखवायची, तर काय सोडावं लागेल याचं उत्तर सिनॉडच्या ठरावात सापडणार नाही. चर्चमधला बाक, दफनभूमीतली जागा आणि लग्नाची बोलणी या तीन ठिकाणी ते दिसायला हवं.